पन्हळीचा सहावा जोड

१

वाचनालयाचं छत मंगळवारी दुपारी सव्वातीनला कोसळलं आणि गुरुवारी सकाळी गुन्हेगार ठरूनसुद्धा गेला होता. इतकी घाई सरकारी कामात एरवी कुणी पाहिलेली नाही.

छताखाली मेली ती पुस्तकं बांधणारी मावशी. आठवड्यातून तीन दिवस यायची, सुई, दोरा आणि खळीचा डबा घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची, फाटक्या पुस्तकांना धडधाकट करून घरी जायची. ओला चुना आणि कुजलेल्या लाकडी पट्ट्या एकदम खाली आल्या तेव्हा तिच्या सुईत दोरा तसाच होता.

"बाई, तुम्ही फक्त सही करायची आहे," इमारत तपासणी खात्याचे साहेब म्हणाले. "वाचनालयाच्या अभियंत्यानं अहवाल दिलाय. पत्रेवाल्याला चौकीत बसवलंय. प्रकरण सरळ आहे."

"सरळ असेल तर बघून यायला वेळ लागणार नाही," तपासनीस बाई म्हणाल्या.

खात्यात त्यांना मागून 'पाणसळ' म्हणत. एक तर त्यांच्या पिशवीत ते सपाटी बघायचं हत्यार कायम असे. शिवाय बाईंचं बोलणंही त्यातल्या बुडबुड्यासारखं होतं: जिथं थांबायचं तिथंच थांबणार, कुणी कितीही हलवा. नाव त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

रस्त्यात त्यांनी अहवाल वाचला. एकच पान. 'छताच्या कडेची पत्र्याची पन्हळ, लांबी साठ फूट, जोड पाच. पाणी खाली नेणारा पाइप उजव्या कोपऱ्यात. परंतु पन्हळीचा उतार डाव्या कोपऱ्याकडे, दर सहा फुटांना अर्धा इंच. परिणामी पाणी डावीकडे साचून छतात मुरले. दोष सर्वस्वी कारागिराचा. प्रत्यक्ष वर चढून मोजमाप केले आहे.' खाली ऐटदार सही.

वाचनालयाच्या फाटकाशी तिशीतली एक बाई उभी होती. हातांवर पत्र्याचे जुने ओरखडे.

"तुम्ही सही करायला आलात ना?" तिनं विचारलं. "मी पत्रेवाल्याची लेक. बाबांबरोबर मीही काम करते. माझे बाबा पत्रा ठोकून ठोकून बहिरे झालेत. चौकीत काय विचारतात ते त्यांना ऐकू येत नाही, म्हणून ते नुसती मान हलवतात. आणि तुमच्या लोकांनी त्या मान हलवण्यालाच कबुली म्हणून लिहून घेतलंय!"

बाईंच्या कपाळावरची शीर उडाली. पण ज्याची बाजू ऐकून राग येतो, त्याचं काम आधी तपासावं, हा त्यांचा जुना नेम होता. "शिडी धरशील?" एवढंच त्या म्हणाल्या.

पन्हळ खालून दिसत नव्हती. पुढं रंगवलेली फळी होती. वर चढून बाईंनी पाणसळ पत्र्यावर टेकवली. बुडबुडा उजवीकडे सरकला. म्हणजे उतार डावीकडे. सहा फूट पुढं जाऊन पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. पाइप मात्र पार उजव्या टोकाला.

"काय दिसतंय?" खालून लेकीनं विचारलं.

बाई पाणसळ उचलून पुढं सरकल्या. अहवालातला आकडा अन् आकडा खरा निघत होता.

२

साठ फुटांत त्यांनी दहा ठिकाणी मोजलं, आणि दहाव्या वेळी त्यांचा हात थांबला.

दहाही ठिकाणी उतार सारखाच होता. सहा फुटांना अर्धा इंच, ना कमी ना जास्त. बाईंनी आयुष्यात शेकडो चुकलेल्या पन्हळी पाहिल्या होत्या. चुकलेली पन्हळ कुठं पोट काढते, कुठं मान वर करते. चूक कधी इतकी शिस्तीत चालत नाही. हा उतार मुद्दाम, मन लावून दिलेला होता. मग साठ फूट इतकं नेटकं काम करणारा माणूस पाणी नेमकं जिथं पाइप नाही तिथं कशाला नेईल?

सवयीनं त्यांनी वहीत टिपलं: पत्रा जस्ताचा, जोड सहा, सगळे कथलाचा डाग देऊन बंद, एकही पाझरत नाही. मग त्या रांगत डाव्या टोकाला गेल्या. तिथं चार बोटं गाळ साचला होता. तो हातानं खरवडला, तर तळाशी पत्र्याचं एक गोल ठिगळ लागलं. कडेनं पांढरं सिलिकॉन थापलेलं. जो माणूस सगळे जोड कथलानं झाळतो, तो एक ठिगळ गोंदासारखं चिकटवून जाईल? हे दुसऱ्याच कुणाचं काम होतं. आणि उजव्या टोकाला पाइपासाठी पाडलेलं भोक करवतीनं कुरतडल्यासारखं दातेरी होतं.

त्या खाली उतरल्या आणि डाव्या कोपऱ्यातल्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या. तिथं छातीएवढ्या उंचीवर संगमरवरी फलक होता: वाचनालयाच्या अध्यक्षांच्या मातोश्रींचं नाव, खाली अध्यक्षांचं त्याहून मोठ्या अक्षरांत, आणि दोन वर्षांपूर्वीची तारीख. फलकाच्या वर भिंतीत एकाखाली एक बुजवलेली भोकं. फलकाच्या खाली आणखी दोन. त्याच ओळीत जमिनीवरच्या फरशीला वाटीएवढा खळगा. वर्षानुवर्षं एकाच जागी पाणी पडल्याशिवाय फरशी अशी झिजत नाही.

"पाइप इथं होता," बाई म्हणाल्या.

"इथंच होता!" लेक जवळजवळ ओरडली. "मी स्वतः लावलाय. परवा बघितलं तेव्हा कळलं की हलवलाय. मी सगळ्यांना सांगतेय, पण पत्रेवाल्याच्या पोरीचं कोण ऐकतंय?"

एका नावावरून पाइप जात होता म्हणून पाइप हलला. पाणी मात्र जुन्याच वाटेनं येत राहिलं आणि बंद दारापुढं साचत राहिलं. पाऊस जोराचा झाला की पन्हळीची मागची कड ओलांडून आत, छतावर. दोन वर्षं.

पाइप हलला हे कळलं. पण तो कुणी हलवला?

३

वाचनालयाचा नेहमीचा रंगारी मागच्या बाजूला खिडक्या खरवडत होता. त्यानं आधी कानांवर हात ठेवले. "मी आलो तेव्हा पाइप उजवीकडेच होता. मी फक्त रंग दिला."

"पाइपाच्या मागच्या बाजूलाही?" बाईंनी विचारलं. "भिंत आणि पाइप यांच्यात माझं बोट जात नाही. तुमचा ब्रश कसा गेला? मागंही भिंतीचाच रंग आहे. म्हणजे पाइप जमिनीवर आडवा असताना तुम्ही रंगवलात, आणि मग तो वर चढला."

रंगाऱ्यानं खरवडायची पत्री खाली ठेवली. "बाई, मला पोरंबाळं आहेत. ग्रंथपालांनी सांगितलं, इकडचा काढून तिकडं लाव, भोक बुजव. मी म्हटलं, हे पत्रेवाल्याचं काम आहे. ते म्हणाले, तो नाही म्हणतोय."

नाही म्हणतोय! म्हणजे पत्रेवाल्याला विचारलं होतं.

ग्रंथपाल आपल्या खोलीत चष्मा पुसत बसले होते. किरकोळ, घाबरट माणूस. बोलताना पेपरवेट उगाच इकडचा तिकडं करायचा.

"पाइप हलवायचा निर्णय तज्ज्ञांचा होता," ते म्हणाले. "अभियंता साहेबांचा. ते अध्यक्षांचे जावई आहेत. मी काय, सांगितलं ते केलं."

"छत ओलं होतंय, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

पेपरवेट थांबला. "मावशी म्हणायची. डाग पडलाय म्हणायची. मी म्हटलं, टेबल हलवा."

"मग तिनं हलवलं नाही?"

"हलवलं ना," ग्रंथपाल पेपरवेटकडं बघत म्हणाले. "त्या कोपऱ्यात आधी शाळकरी मुलींचं टेबल होतं. ते तिनं मधे आणलं, आणि त्या जागी स्वतःचं ठेवलं. म्हणाली, पोरी रोज चार-चार तास बसतात, मी आपली आठवड्यातून तीनदा येते."

बाईंनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं. मग त्यांनी विचारलं, "आणि पत्रेवाला नाही का म्हणाला होता?"

"ते... काही आठवत नाही. बोलण्यात आलं असेल."

अभियंता मात्र मोकळाढाकळा होता. जावयाला शोभेल असा इस्त्रीचा शर्ट, तोंडावर दुःखाचा माफक भाव. "पाइप हलवलाय? मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. मी या इमारतीच्या छतावर पहिल्यांदा चढलो तो काल, बुधवारी. जे दिसलं ते लिहिलं. ग्रंथपालांनी परस्पर काही केलं असेल तर मी काय करणार? बिचारे घाबरलेत, दुसऱ्याच्या गळ्यात घालणारच."

ग्रंथपाल जावयाकडं बोट दाखवत होते, जावई ग्रंथपालांकडं. कागदाचा कपटा नव्हता. आणि चौकीतला माणूस अजून चौकीतच होता.

४

पत्रेवाला बाकाच्या टोकाला बसला होता, हात मांडीवर, जणू कुणाच्या लग्नाला आला आहे आणि ओळखीचं कुणी नाही. बाईंनी आधी जमादाराला धारेवर धरलं.

"मान हलवली म्हणजे कबुली? मग तुमच्या दारातला बैलही रोज गुन्हा कबूल करत असेल!"

मग त्या त्याच्यासमोर बसल्या, तोंड त्याला दिसेल असं धरून, सावकाश बोलल्या. लेक हातांनी खुणा करत होती. त्याला सगळं कळलं.

"पाइप हलवायला बोलावलं होतं मला," तो म्हणाला. बहिऱ्या माणसासारखा थोडा मोठ्यानंच बोलायचा. "मी म्हटलं, पाइप हलवायचा तर उतार फिरवावा लागेल. सगळी पन्हळ उतरवून पुन्हा बसवायची. आठ दिवस लागतील. फलकाचा समारंभ होता चार दिवसांवर. त्यांनी हात हलवून मला घालवून दिलं. मला त्यांचं बोलणं ऐकू येत नाही, माझं ते ऐकत नाहीत. म्हणून पोरीकडून पत्र लिहवलं."

"ग्रंथपालांच्या हातात दिलं मी," लेक म्हणाली. "पोच मागायची अक्कल नव्हती. पण कच्चं लिहिलेलं माझ्या वहीत आहे." तिनं मळकट वही उघडली.

'तुमच्या वाचनालयाची पन्हळ साठ फूट असून सहा पत्रे व पाच जोड आहेत. उतार डाव्या कोपऱ्याकडे, दर सहा फुटांना अर्धा इंच दिला आहे. पाइप उजवीकडे नेल्यास पाणी डावीकडे साचेल व छतात मुरेल. छत लाकडी पट्ट्यांचे आहे, खाली माणसे बसतात. कृपा करून असे करू नये.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. बाजूच्या जमादारानंही मान पुढं करून वाचलं.

"पण ही वही काल रात्री लिहिली असं ते म्हणतील," बाई म्हणाल्या.

"म्हणतीलच," लेक कडवटपणे म्हणाली.

पत्रेवाला लेकीच्या खांद्यावरून वहीत डोकावला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "पाच कसले? सहा जोड आहेत! दुसरा पत्रा शिडी पडून मधोमध चेपला होता ना. तेवढा कापून दोन तुकडे झाळले मी."

"मला काय माहीत?" लेक म्हणाली. "मी तेव्हा बाळंतपणाला घरी होते, पाइप लावायच्या वेळी परत आले. दहा-दहा फुटांचे सहा पत्रे, म्हणून मी आपला हिशेबानं पाच लिहिले."

बाईंनी आपली वही काढली. जोड सहा. मग पिशवीतून अभियंत्याचा अहवाल काढला आणि बोट ठेवून ओळीवरून फिरवलं. बोट एका शब्दाशी थांबलं.

"जमादार," त्या उठत म्हणाल्या, "यांना घेऊन माझ्याबरोबर चला. हातात काही न घालता."

५

ग्रंथपालांच्या खोलीत अध्यक्ष खुर्चीत बसले होते, जावई त्यांच्या मागं उभा. पत्रेवाल्याला आत येताना पाहून अध्यक्षांनी नाक मुरडलं.

"याला इथं कशाला आणलंत?"

"काम यांचं आहे, म्हणून," बाई म्हणाल्या आणि अभियंत्याकडं वळल्या. "तुम्ही बुधवारी स्वतः वर चढलात. पन्हळीचे जोड मोजलेत?"

"अर्थात. पाच."

"सहा आहेत."

तो हसला. "बरं, एखादा नजरेतून सुटला असेल. त्यानं काय बिघडतं?"

"सुटणार नाही. प्रत्येक जोडावर बोटभर जाड कथलाची रेघ आहे, आंधळ्याच्या हातालासुद्धा लागेल. तुम्ही वर चढलाच नाहीत."

"ठीक आहे," अभियंता म्हणाला. त्याचा आवाज अजून शांत होता. "नाही चढलो. पत्रे दहा फुटांचे येतात, साठ फुटांत पाच जोड, इतका हिशेब शाळेतल्या पोरालाही येतो. घाईत लिहिलं. पण उतार उलटा आहे, हे तर खोटं नाही ना?"

"नाही. अगदी बरोबर आहे. म्हणूनच विचारते," बाई एक पाऊल पुढं आल्या, "पन्हळ फळीच्या आड आहे. खालून तिचा उतार दिसत नाही. वर तुम्ही चढला नाहीत. मग उतार डावीकडे आहे आणि तो दर सहा फुटांना अर्धा इंच आहे, हे तुम्हाला कळलं कसं?"

अभियंत्यानं सासऱ्याकडं पाहिलं.

"मी सांगते. जगात एकच कागद होता ज्यात साठ फूट, डावीकडे, अर्धा इंच आणि 'पाच जोड' हे चारही एकत्र लिहिले होते. पाच ही त्या कागदातली चूक होती, लिहिणारीची. छतावर ती चूक नाही. पण तुमच्या अहवालात ती जशीच्या तशी उतरली. पत्र तुमच्याकडं होतं. तुम्ही ते वाचलं होतंत."

लेकीनं वही टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी ती ओढून घेतली, वाचली आणि मान वर करून जावयाकडं पाहिलं.

"'खाली माणसे बसतात. कृपा करून असे करू नये,'" बाईंनी पाठ असल्यासारखं म्हटलं. त्यांचा आवाज आता चढला होता आणि त्यांनी तो आवरला नाही. "या माणसानं हात जोडून सांगितलं होतं की उतार डावीकडे आहे, म्हणून पाइप हलवू नका. तुम्ही पाइप हलवलात. बाई मेली. आणि मग त्याचंच पत्र खिशातून काढून, त्यातलेच आकडे घेऊन लिहिलंत की उतार डावीकडे आहे, म्हणून हा गुन्हेगार! चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं. पण संन्याशाच्याच लंगोटीचा फास करतात, हे आज पाहिलं."

"याला पुरावा काय..." अभियंत्यानं सुरुवात केली.

"पत्र मी दिलं त्यांना," ग्रंथपाल एकदम म्हणाले. चष्मा हातात होता, डोळे वाहत होते. "मला भीती वाटली होती म्हणून मी दाखवलं. ते म्हणाले, कारागीर असेच घाबरवतात, आणि पत्र खिशात घातलं. मंगळवारी संध्याकाळी फोन आला त्यांचा. असं पत्र आलंच नव्हतं, एवढं लक्षात ठेवा म्हणाले."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे बघा, मी फक्त आईचं नाव नीट दिसावं एवढंच म्हटलं होतं. कसं करायचं ते यांचं काम."

"हो," बाई म्हणाल्या. "एकानं म्हटलं, दुसऱ्यानं ठरवलं, तिसऱ्यानं सांगितलं, चौथ्यानं केलं. सगळ्यांनी थोडं थोडं. अख्खं छत मात्र एकटीच्या डोक्यावर."

जमादार अभियंत्याशेजारी जाऊन उभा राहिला. "चला साहेब," तो म्हणाला. "आणि मान नुसती हलवू नका. तोंडानं बोला."

६

बाईंचा अहवाल पाच पानांचा झाला. साहेबांनी तो वाचून डोकं धरलं. "'जाणूनबुजून' हा शब्द काढता येईल का? 'अनवधानानं' चालेल. अध्यक्ष वजनदार आहेत."

"त्यांचं वजन छतावर पडलं नाही, सर," बाई म्हणाल्या. शब्द राहिला. अभियंत्यावर आणि ग्रंथपालांवर खटला उभा राहिला. अध्यक्षांनी तब्येतीच्या कारणानं पद सोडलं. त्यांना यापेक्षा जास्त काही झालं नाही, आणि ते बाईंच्या मनात कुसळासारखं टोचत राहिलं.

नंतर एका सोमवारी बाई काम पाहायला गेल्या, तेव्हा पत्रेवाला आणि लेक पन्हळीचं ठिगळ काढत होते. पत्रेवाला खाली उतरला. आनंदी दिसत नव्हता.

"सुटलात की आता," बाई तोंड त्याच्यासमोर धरून म्हणाल्या. "नाव साफ झालं."

"काल मावशीच्या घरी गेलो होतो," तो म्हणाला. "तिच्या नवऱ्यापुढं बसलो. म्हटलं, माझं चुकलं."

"तुमचं?" बाई संतापल्याच. "तुमचं काय चुकलं? तुम्ही तर लेखी सांगितलं होतंत!"

"सांगितलं आणि घरी गेलो. दोन वर्षं या रस्त्यानं जाणं टाळलं, अपमान झाला होता म्हणून. एकदा जरी मान वर करून बघितलं असतं, तर पाइप हललेला दिसला असता. मग मी आत शिरून आरडाओरडा केला असता. माझा आवाज तर मोठा आहे."

बाईंनी बोलायला तोंड उघडलं. त्यात तुमचा दोष नाही, असं म्हणायचं होतं. आणि ते खरंही होतं. पण या सबंध प्रकरणात त्यांनी चार माणसांचे जबाब घेतले होते, पानंच्या पानं भरली होती, आणि 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांतल्या एकानंही उच्चारले नव्हते.

"तिचा नवरा काय म्हणाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काही नाही. चहा ठेवला," पत्रेवाला म्हणाला, आणि कथील तापलं का ते बघायला वळला.